साडेतीनची बस

शौकतभाईंच्या गाडीत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते आणि गाडीतलं घड्याळ पावणेतीन दाखवत होतं. मला पुण्याहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. नव्या माणसाने गप्प बसावं हे मला कळत होतं, पण समोर चूक दिसत असताना गप्प बसणं आमच्या रक्तात नाही.

"शौकतभाई, तुमचं घड्याळ तीन तास मागे आहे," मी म्हणालो.

"मागे नाही. बरोबर आहे," ते म्हणाले. "लंच होऊन तास झाला. चार बाद एकशे बारा."

मागच्या सीटवर मेघना हसली. मेघना आमच्या ऑफिसात एचआरला, मूळची डोंबिवलीची. ती म्हणाली, "एप्रिल ते सप्टेंबर असंच असतं. ऑक्टोबरमध्ये शौकतभाई दुबईला परत येतात."

आमचं ऑफिस दुबई मरीनात आणि आम्ही चौघे राहायला शारजाला, कारण मरीनातलं भाडं भरायचं तर जेवण सोडावं लागलं असतं. शौकतभाई गाडी चालवायचे. मी, मेघना आणि केरळचा जॉर्ज त्यांचे कायमचे प्रवासी. नकाशावर चाळीस मिनिटांचा रस्ता, प्रत्यक्षात दीड तास, गुरुवारी दोन. तेवढा वेळ शौकतभाईंचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असायचा आणि त्यातून इंग्लंडमधल्या कुठल्याशा मैदानावरचे दोन म्हातारे सावकाश बोलत असायचे. मधूनच टाळ्या वाजायच्या, त्याही दहा-बारा माणसांच्या.

काउंटी क्रिकेट म्हणजे तिकडच्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या संघांचे चार-चार दिवसांचे सामने. उन्हाळाभर चालतात. बघायला पेन्शनर येतात, डबा आणतात आणि बहुधा झोपतात. या सगळ्यात शौकतभाईंचा एक संघ होता. त्याला ते नुसतं 'आपली काउंटी' म्हणायचे. मीही नाव सांगत नाही, कारण ती ज्या प्रकारे हरायची ते पाहता तिची अब्रू झाकलेली बरी.

माणूस उंच, सडसडीत, साठीला टेकलेला, दाढी मेंदीने लालसर केलेली. जयगडच्या खाडीकाठच्या नाखव्यांच्या, म्हणजे होडीवाल्यांच्या, घरातले. आमची कंपनी मरीनातल्या टॉवरांची देखभाल बघते. लिफ्ट, एसी, पंप हे सगळं शौकतभाईंच्या ताब्यात. लिफ्ट अडकली की ते जिन्याने पळत जायचे. एकविसाव्या मजल्यावरसुद्धा. दुसरी लिफ्ट खाली येईपर्यंत थांबणं त्यांना जमायचंच नाही.

थांबणं हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. चहा अर्धा प्यायचे आणि कप तिथेच ठेवून निघायचे. त्यांच्या मजल्यावर गार चहाचे कप कुठेही सापडत. मीटिंग संपत आली की हे दारात. लग्नाला गेले तर नवरा-नवरीला भेटून, पाकीट देऊन, बिर्याणी यायच्या आत बाहेर. शाहीनभाभी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या, "तीस वर्षांत मी एका पिक्चरचा शेवट बघितला नाही भावजी. शेवटची दहा मिनिटं राहिली की हे उठतात. म्हणतात, पार्किंगमधून गाडी काढायला सोपं जातं."

ट्रॅफिकमध्ये तर बघायलाच नको. सहा लेनचा रस्ता ठप्प असायचा आणि हे या लेनमधून त्या लेनमध्ये. "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, चला, असं स्वतःशीच चालू. एकदा जॉर्जने शेजारची एक पांढरी व्हॅन हेरून ठेवली. तासाभरानंतर, शौकतभाईंनी सतरा वेळा लेन बदलल्यावर, ती व्हॅन आमच्या शेजारीच होती. जॉर्जने व्हॅनवाल्याला हात केला. शौकतभाई दोन दिवस जॉर्जशी बोलले नाहीत.

कप ठेवायच्या खाचेत एक जुना लाल चेंडू असायचा, शिवण उसवलेला. गाडी थांबली की डावा हात स्टिअरिंगवर, उजव्या हातात चेंडू. बोटं त्यावर बसायची, मनगट वळायचं, चेंडू एका वितीवर उडून परत पंजात. लेगस्पिन. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण तो चेंडू हवेत असताना फिरल्याचा आवाज यायचा, आणि तसा आवाज आमच्या सोसायटीतल्या कोणाच्याही चेंडूचा मी कधी ऐकलेला नाही.

इंग्लंडच्या वेळेवर लावलेल्या त्या घड्याळाचा त्रास सगळ्यांना झाला. मेघनाला एकदा गाडीत डुलकी लागली. जागी झाली, समोर ३:५० दिसले, आणि घाबरून तिने लेकीला फोन लावला. "पिल्लू, बसमधून उतरलीस का? किल्ली आहे ना?" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मम्मा, इट्स ऑल्मोस्ट सेव्हन. आय ॲम ईटिंग नूडल्स." मेघनाने त्या दिवशी शौकतभाईंना घड्याळ बदलायला सांगितलं. मी सांगितलं. जॉर्जने हिंदीत हात जोडून सांगितलं. "सीझन संपू दे," एवढंच उत्तर.

आणि आणखी एक चमत्कारिक गोष्ट. सामना रंगात आला, शेवटची जोडी मैदानात, तीन षटकं राहिलेली, मलासुद्धा ऐकावंसं वाटतंय, आणि हे रेडिओ बंद करायचे. "खलास. उद्या बघू काय झालं ते." मला राग यायचा. दीड तास तुम्ही आम्हाला ते म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकवता आणि नेमका शेवट ऐकू देत नाही, हा कुठला न्याय? मी एकदा हे बोललोही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, विक्षिप्त आहे माणूस, सोडून द्या.

मग एका एप्रिलमध्ये पाऊस आला. इथे पाऊस म्हणजे वर्षातून दोन-चार सरी, लोक बाल्कनीत येऊन व्हिडिओ काढतात. पण त्या दिवशी तो थांबेचना. ऑफिसने दुपारीच सोडलं, आणि तीनच्या सुमाराला शारजात शिरताच आम्ही अडकलो. पुढे पाणी, मागे गाड्या, दारापर्यंत पाणी. लेन बदलायला लेनच राहिल्या नव्हत्या. शौकतभाईंनी इंजिन बंद केलं. फोनवरचा म्हातारा सांगत होता की तिकडेही पाऊस आहे आणि खेळपट्टी झाकलेली आहे.

जॉर्ज काचेतून वर बघून म्हणाला, "शौकतभाई, आप तो कोंकणवाले हो. बताओ ना, रुकेगी क्या?"

"मला विचारू नकोस!" शौकतभाई एवढ्या जोरात ओरडले की मेघना दचकली. जॉर्जला मराठी येत नव्हतं, पण त्याला कळलं.

शौकतभाईंचा गुडघा हलत होता, बोटं स्टिअरिंगवर वाजत होती. दार उघडून चालू लागतील असं वाटत होतं, पण चालायला जमीन नव्हती. मग त्यांनी चेंडू उचलला, परत ठेवला, आणि बोलायला लागले.

ते बावीस वर्षांचे असताना त्यांच्या मामाने त्यांना एका उन्हाळ्यापुरतं इंग्लंडला बोलावलं होतं. मामा उत्तरेकडच्या एका गावात कापडगिरणीत कामाला. तिथल्या क्लबकडून शौकतभाई दर शनिवारी खेळायचे, आणि महिन्याभरात त्या गावात त्यांचं नाव झालं. त्यांच्या लेगस्पिनवर तिकडची मोठमोठी माणसं फसायची. ऑगस्टमध्ये याच काउंटीकडून निरोप आला, आमच्या सेकंड इलेव्हनसाठी एक सामना खेळून दाखव. सेकंड इलेव्हन म्हणजे दुसऱ्या फळीचा संघ. तीन दिवसांचा सामना. तिथे चमकलं की पुढचं दार उघडायचं.

"पहिले दोन दिवस आपली बॅटिंग आणि पाऊस," शौकतभाई म्हणाले. "मला एक बॉल टाकायला मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी लंचच्या आधी परत सुरू झाला. मी ड्रेसिंग रूममध्ये बसलो होतो. बाकीचे पत्ते खेळत होते. मी आभाळ बघितलं. अरे, आपण आभाळ बघणारी माणसं. माझे वालिद होडी घेऊन जायचे, आभाळ बघून सांगायचे. काळं, खाली आलेलं, वारा पडलेला. मी म्हटलं, हा आता चार दिवस उठत नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आपल्याकडे पाऊस लागला की क्रिकेट कुठे असतं? ज्या कुणग्यात आम्ही मे महिन्यात खेळायचो तिथे जुलैमध्ये भात लावलेला असायचा. पिच शोधायची तर चिखलात हात घालावा लागला असता. मला काय माहीत कव्हर म्हणजे काय असतं! मी बघत होतो ना, ते ताडपत्री घालत होते. मला वाटलं, खळ्यावर झाकतात तसं झाकतायत. सामना संपला म्हणून झाकतायत."

ते हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही.

"साडेतीनची बस होती मामाच्या गावाला. तिच्यानंतर एकदम सहाची. मी स्कोअर लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला म्हटलं, आय गो. तो पावाला लोणी लावत होता, मान हलवली त्याने. मी बॅग उचलली आणि गेलो. बसला अर्धा तास झाला असेल, खिडकीतून ऊन आलं. माझ्या मांडीवर पडलं. मी म्हटलं, पडू दे, मैदान आठ दिवस वाळत नाही."

पुढच्या शनिवारी क्लबच्या सेक्रेटरीने सांगितलं. चारनंतर कव्हरं काढली, खालची खेळपट्टी कोरडी, आणि दीड तास खेळ झाला. चेंडू हातभर वळत होता. कॅप्टनने मैदानात उभं राहून विचारलं, कुठे आहे तो हिंदुस्थानी मुलगा? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी विकेटकीपरने पॅड काढून गोलंदाजी केली.

"परत बोलावलं नाही?" मेघनाने विचारलं.

"जो मैदान सोडून गेला त्याला कोण बोलावतो, बाय? सप्टेंबरमध्ये वालिदनी कळवलं, दुबईचा व्हिसा आलाय. आलो. तेव्हापासून इथेच आहे." आणि मग, काचेवरचं पाणी बघत, "मी चांगला होतो की नाही, हे मला माहीतच नाही. चांगला नव्हतो असं कळलं असतं तरी चाललं असतं."

आम्ही तिथे आणखी तीन तास होतो. त्यांना मी एवढा वेळ एका जागी बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी नंतर मेघनाला विचारलं की शौकतभाई त्या मैदानावर परत कधीच का गेले नाहीत? कंपनी रजा देत नाही का? मेघना जरा घुटमळली. तिच्या खात्यातली गोष्ट बाहेर सांगायची नसते. पण सांगितली. शौकतभाई दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याची रजा टाकायचे. दर वर्षी ती मंजूर व्हायची. आणि दर वर्षी दोन आठवडे आधी ते स्वतः येऊन ती मागे घ्यायचे. कधी टॉवरचा पंप, कधी कोणाच्या मुलीचं लग्न. "नऊ वर्षं मी बघतेय," ती म्हणाली. "तो माणूस घाबरतो तिथे जायला."

गेलं वर्ष त्यांचं इथलं शेवटचं. साठ पूर्ण, सप्टेंबरअखेर निवृत्ती, मग व्हिसा रद्द करून जयगड. जयगडहून इंग्लंडला जाणं होणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. जायचं तर आताच. मेघनाने व्हिसाचा फॉर्म भरला, जॉर्जने तिकीट काढायला लावलं, शाहीनभाभींनी स्वेटर विणून ठेवला. नेहमीप्रमाणे दोन आठवडे आधी शौकतभाई मेघनाच्या टेबलापाशी उभे राहिले.

"बाय, ती रजा जरा... बाराव्या मजल्यावरच्या एसीच्या चिलरचं काम निघालंय."

"आता नाही होत शौकतभाई," मेघना कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाली. "नवीन सिस्टिम आहे. एकदा मंजूर झाली की मागे घेता येत नाही. खलास."

असली काही सिस्टिम नव्हती. शौकतभाई तिथे दोन मिनिटं उभे राहिले, टेबलावरचा स्टेपलर उघडला, मिटला, आणि गेले.

विमानतळावर मी सोडायला गेलो. वाटेत त्यांनी पासपोर्ट सहा वेळा तपासला. उतरताना किल्ली माझ्या हातात दिली. "गाडी रोज चालव, बॅटरी उतरते. आणि घड्याळाला हात लावू नकोस." चेंडू खाचेतून काढून कोटाच्या खिशात टाकला. दारातून आत गेले, परत बाहेर आले, म्हणाले, "तिकडे पाऊस सांगितलाय." मी म्हणालो, "असू दे की." ते आत गेले. काचेच्या दारापलीकडे त्यांची लालसर दाढी एकदा मागे वळलेली दिसली आणि मग ते गर्दीत मिसळले. मी त्यांना पाहिलं ते शेवटचंच, कारण पुढे व्हिसाच्या कामासाठी ते दोन दिवस आले तेव्हा मी सुट्टीवर पुण्याला होतो.

सीझनचा तो शेवटचा सामना, त्याच मैदानावर. आपली काउंटी तळाला. जिंकली तर पहिल्या डिव्हिजनमध्ये राहणार, नाहीतर खाली दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरणार. तीन दिवस आम्ही त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच घड्याळावर समालोचन ऐकलं. चौथ्या दिवशी आमची गाडी मरीनातून निघाली तेव्हा घड्याळात पावणेतीन झाले होते. समोरच्या संघाचे शेवटचे दोन गडी राहिलेले, आणि लंचपासून पाऊस.

म्हाताऱ्यांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ते केकबद्दल बोलले, एका कुत्र्याबद्दल बोलले. मग त्यांतला एक म्हणाला की मैदान रिकामं झालंय, सगळे घरी गेले, फक्त समोरच्या स्टँडमध्ये एक गृहस्थ आहेत. गेले तीन दिवस हे गृहस्थ सारखे सीमारेषेबाहेरून चकरा मारत होते. आज मात्र सकाळपासून एका खुर्चीवर बसलेत. छत्री आहे, पण उघडलेली नाही. हातात लाल काहीतरी आहे, चेंडू असावा.

मेघनाने माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. जॉर्जने एसीचा पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. मला रस्ता धूसर दिसायला लागला, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

शारजाला पोचलो तेव्हा घड्याळात सव्वाचार. कोणी उतरलं नाही. मी इमारतीखाली गाडी लावली, जॉर्जने कोपऱ्यावरून करक चहा, इथला दाट दुधाचा, आणला, मेघनाने घरी फोन करून सांगितलं की भाजी फ्रिजमध्ये आहे. साडेचारला म्हातारा म्हणाला, ऊन आलं. पंच बाहेर आलेत. कव्हरं काढतायत.

पुढचा तासभर आम्ही तिघे त्या बंद गाडीत होतो. एक गडी बाद झाला तेव्हा जॉर्जच्या हातून चहा सांडला. शेवटची जोडी मात्र हलली नाही. चेंडू वळत होता, पायावर आपटत होता, बॅटच्या कडेजवळून जात होता, आणि ते दोघे उभेच. शेवटचं षटकही गेलं. सामना अनिर्णित. आपली काउंटी खाली गेली.

पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"ऊन पडलं रे मिलिंद," शौकतभाई म्हणाले.

"ऐकलं आम्ही."

"साडेचारला. तेव्हाही साधारण तेवढेच असतील. मी बसमध्ये होतो." श्वासाचा आवाज आला. "आज होतो मी."

मी मूर्खासारखं म्हणालो, "पण काउंटी खाली गेली."

"जाऊ दे. येईल वर, इन्शाल्ला. त्यांचा लेगस्पिनर बघितलास? वीस वर्षांचा आहे. बॉल असा वळत होता... मीपण वळवला असता रे. एवढा नसता. पण वळवला असता."

"आता निघा शौकतभाई," मेघना मागून म्हणाली. "थंडी असेल. स्वेटर घातलाय ना?"

"घातलाय, घातलाय. निघतो. जरा थांब, ते स्टंप उपटतायत, मग कव्हर घालतील, ते झालं की निघतो. आणि मिलिंद, गाडीतलं घड्याळ पुढे कर आता. उगाच तुम्हाला उशीर होतो."

"करतो," मी म्हणालो.

फोन त्यांनी बंद केला नाही, बहुतेक तसाच मांडीवर ठेवला. वाऱ्याचा आवाज येत होता. कोणीतरी चालत जवळ आलं आणि इंग्लिशमध्ये, अदबीने म्हणालं की सर, सगळे गेलेत, आम्हाला गेट बंद करायचंय.

"फाइव्ह मिनिट्स, प्लीज," शौकतभाई म्हणाले. "आय ॲम सिटिंग."